तक्रारीचं दुसरं कलम

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, तक्रारबाईंच्या टेबलावर एक तक्रार येऊन पडली.

तक्रारबाईंचा खरा हुद्दा होता 'रुग्ण समाधान अधिकारी'. पण एकोणीस वर्षांत एकही माणूस समाधान सांगायला त्या खोलीत आला नव्हता, त्यामुळे हुद्दा दारावरच राहिला आणि माणसांनी आपल्या सोयीचं नाव पाडलं. पंख्याची घरघर, शेजारच्या खाटेचं घोरणं, गार चहा, गरम डॉक्टर असल्या प्रकरणांचा निकाल त्या दोन दिवसांत लावत. नियमच तसा होता.

आजची तक्रार मात्र बघत राहावी अशी होती. तिरप्या, वळणदार अक्षरात, दोन्ही बाजूंना समास सोडून लिहिलेली.

'कलम एक : माझा धाकटा भाऊ, व्यवसायाने पोस्टमन, याचे औषध त्याच्या मेहुण्याने वाटेत काढून घेऊन बाटल्यांत पाणी भरले आहे. कलम दोन : आपल्याकडील सदर औषध निकृष्ट असून त्यास फेस येतो, त्यामुळे सिरिंजमध्ये माप धरणे अवघड जाते. कलम तीन : आपल्या प्रतीक्षागृहातील डावीकडून तिसरी खुर्ची डुलते. आपला, निवृत्त कंपाउंडर.'

तक्रारबाईंनी आधी तिसरं कलम हाती घेतलं, कारण तेवढंच सुताराच्या आवाक्यातलं होतं. त्या सुताराला फोन लावणार, एवढ्यात दार न वाजवता डॉक्टर आत आली. तरुण, हुशार, आणि गेल्या आठवड्यापासून नीट न जेवलेली.

"बाई, ती तक्रार वाचलीत?"

"वाचली. चोरी, भेसळ आणि फर्निचर."

"देवाला सांगा, त्यातली चोरी खरी निघू दे."

तक्रारबाईंनी फोन खाली ठेवला. एकोणीस वर्षांत असं मागणं कुणी मागितलं नव्हतं.

"आणि नाही निघाली तर?"

"तर परवा पोस्टमनचा पाय गुडघ्याखाली कापणार."

२

डॉक्टरने समजावून सांगितलं ते असं. पोस्टमनच्या डाव्या पावलाला जखम होती. रक्त तिथवर पोचत नव्हतं, म्हणून आठ महिने ती भरत नव्हती.

"आपल्या हाडांच्या आत मगज असतो, बाई. त्यात मूळपेशी असतात. म्हणजे पुढे काय व्हायचं हे अजून ज्यांचं ठरलेलं नाही, अशा पेशी."

"माझ्या धाकट्या दिरासारख्या."

"असतील," डॉक्टर म्हणाली. "हे औषध त्यांना हाडांतून हलवून रक्तात आणतं. रक्तातून त्या जखमेकडे जातात आणि नव्या रक्तवाहिन्या, नवं मांस धरायला हातभार लावतात. बाहेरून काही भरायचं नाही. घरचीच माणसं कामाला लावायची."

"मग लागली का कामाला?"

डॉक्टरने कागद पुढे केला. औषधाआधी रक्तातल्या या पेशींचा आकडा दोन. शनिवारी पहिलं इंजेक्शन इथे, सिस्टरच्या हातून. रविवारी सकाळी आकडा नऊ. शिवाय पोस्टमनची कंबर आणि छातीची हाडं ठणकायला लागली, म्हणजे आतला मगज जागा झाला. पुढची चार इंजेक्शनं घरी, रविवार ते बुधवार. आज आकडा वीसच्या पुढे हवा होता.

"आणि आहे?"

"दोन."

डॉक्टरने कागदाची घडी घालून तो टेबलावर ठेवला.

"औषध अंगात जाऊन लागू पडलं नसेल, तर माझं बोलणं खुंटलं. अंगात गेलंच नसेल, तर सर्जन आणखी पाच दिवस थांबायला तयार आहेत. त्याहून जास्त नाही, जखम वर सरकतेय. पण त्यांना नुसती शंका नको, कारण हवंय. उद्या संध्याकाळपर्यंत."

सिस्टरला बोलावलं. ती कामातून उठून आली होती आणि तसं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मी बाटली काढली, झाकण पुसलं, औषध ओढलं, टोचलं. झालं."

"फेस आला होता?"

"फेस? काचेसारखं स्वच्छ औषध, बाई. पाचही बाटल्या एकाच खोक्यातल्या. रोज दहा वाजता त्यांचा मेहुणा यायचा, बर्फाच्या डब्यातून एक बाटली न्यायचा. डब्यात तापमान टिपणारं यंत्र असतं. एकदाही पारा वर गेला नाही, खाली गेला नाही."

"मग मेहुण्यावर संशय का?"

सिस्टरने दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"पोस्टमनचं घर बसने पंचवीस मिनिटांवर आहे. हा माणूस रोज साडेअकराला पोचायचा."

३

मेहुणा रुग्णालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसला होता. चष्म्याच्या दुकानात काम करणारा, चाळिशीकडे झुकलेला, एरवी चार लोकांत हशा पिकवणारा माणूस. सकाळी कंपाउंडर दादांनी भरल्या प्रतीक्षागृहात त्याला चोर म्हटलं होतं.

"या बाई, बसा," तो म्हणाला. "चोरापासून जरा लांब बसा, पर्स आहे तुमच्याकडे."

तक्रारबाई जवळच बसल्या. माणूस बोलायला लागेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं, एवढीच त्यांची पद्धत. त्यांनी पाहिलं : त्याचे डोळे लाल होते, पण रडून लाल झालेल्या डोळ्यांभोवती दोन गोल वळ उमटत नाहीत. आणि अंगाला औषध मारलेल्या पाण्याचा वास होता.

"पोहायला कधीपासून शिकताय?"

मेहुण्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. थोडक्यात, शिकलेलं करून दाखवलं.

"कुणाला सांगू नका, बाई. मुलांच्या वर्गात जातो. बाकी सगळे सात-आठ वर्षांचे, मिशीवाला मी एकटाच. लेक म्हणाली, बाबांना पाण्याची भीती वाटते. म्हटलं, दाखवतोच. दवाखान्याची खेप होतेच आहे, वाटेतच तलाव आहे. आत्ताही तिथूनच आलो. काल मला एका पोराने बुडताना धरलं. दात पडलेलं पोर हो!"

"आणि डबा?"

"तिकीट खिडकीवरच्या बाईंच्या नजरेसमोर. विचारा त्यांना. शिवाय बाटलीच्या तोंडाला पत्र्याचं सील असतं, ते रोज दादांनी स्वतःच्या हाताने उपटलंय. मी पाणी कुठून घालणार? भिंतीतून?"

हे सगळं तो हसत हसत बोलला आणि मग एकदम थांबला.

"दादा बोलले त्याचं काही नाही, बाई. त्यांनी भावाला लहानाचं मोठं केलंय, त्यांचा जीव तुटतोय. पण ताई शेजारी उभी होती. माझी सख्खी बहीण. ती काहीच बोलली नाही."

तक्रारबाईंनी तलावावर फोन केला. खिडकीवरच्या बाईंनी डब्याची साक्ष दिली आणि मेहुण्याच्या पोहण्याबद्दल न विचारता मतही दिलं. चोरी संपली. म्हणजे डॉक्टरचा शेवटचा आधारही संपला.

"सुटलो म्हणायचं का मी?" मेहुण्याने विचारलं.

"तुम्ही सुटलात," तक्रारबाई म्हणाल्या. "पण तुम्ही सुटलात तर पाय अडकला."

४

शुक्रवारी सकाळी त्या पोस्टमनच्या घरी गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीशी खाट, खाटेवर पोस्टमन, उशीवर ठेवलेला डावा पाय.

"या, या. तक्रार कसली करणार मी?" तो म्हणाला. "जन्मभर लोकांच्या दारापर्यंत चाललो. आता लोक माझ्या दारापर्यंत येतात. त्या पहिल्या दिवशी हाडं ठणकली तेवढीच. सोमवारपासून एकदम आराम. दादा म्हणाला, बघ, माझा हात हलका आहे."

बायको चहा टाकायला उठली, तशा तक्रारबाई तिच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या. तिने नळ सोडला, भांडं नसताना.

"माझ्या भावाने नाही हो घेतलं काही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? दादांनी सरकारी दवाखान्यात जन्म काढला. एकाला चुकीची पुडी दिली नाही. यांच्या पायाची पट्टी आठ महिने दादाच बदलतात, मला बघवत नाही. त्यांना खोटं पाडलं तर उद्या पट्टी बदलायला कुणाला हाक मारू? आणि नाही पाडलं तर भावाला तोंड कसं दाखवू?"

"इंजेक्शनच्या वेळी तुम्ही खोलीत असता?"

"छे! मला सुई चालत नाही. मी इथेच असते, दार लोटून. दादांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो ना, तो खुळखुळत राहतो मिनिटभर. मग थांबतो. मग हे 'आई गं' म्हणतात. मग मी गॅस लावते."

तक्रारबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. तोवर दादा येऊन खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा, मनगटावर चावीचं घड्याळ, कमरेला किल्ल्या.

"दादा, इंजेक्शन कसं देता ते सांगा. सगळं. एकही पायरी न गाळता."

दादांना असा प्रश्न फार वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते खुलले. हात कोपरापर्यंत धुणे. कोरडे करणे. टेबल पुसणे. बाटली उजेडात धरून पाहणे. सील काढणे. झाकण स्पिरिटने पुसणे. सुई लावणे, औषध ओढणे, हवा काढणे, कातडी चिमटीत धरणे, टोचणे. अकरा पायऱ्या, बोटांवर मोजून. सिस्टरच्या चार कामांची यांनी अकरा केली होती. चूक कुठेच नव्हती.

तेवढ्यात तक्रारबाईंचा फोन वाजला. डॉक्टर होती.

"बाई, सर्जननी उद्याची वेळ सकाळी आठ केली. संमतीच्या कागदावर आज चार वाजेपर्यंत सही हवीय. काही सापडलं?"

खाटेवरचा पोस्टमन ऐकत होता. त्याने हळूच पांघरूण पायावर ओढलं, जणू तेवढ्याने तो लपणार होता.

५

तक्रारबाईंनी दादांची तक्रार पर्समधून काढली आणि मांडीवर पसरली.

"दादा, अक्षर फार सुंदर आहे. पण तुमची दोन कलमं एकमेकांशी भांडताहेत."

"म्हणजे?"

"पहिल्यात म्हणता बाटलीत पाणी होतं. दुसऱ्यात म्हणता फेस आला. चारही दिवस आला?"

"चारही दिवस. दाट."

"नळाचं पाणी कितीही वेळ बाटलीत ठेवा, असा दाट फेस धरतं का?"

उत्तराची वाट न बघता तक्रारबाई पुढे म्हणाल्या,

"नाही धरत. म्हणजे बाटलीत औषधच होतं. मेहुण्यांनी प्रामाणिकपणे आणलेलं. आता पुढचं. त्याच खोक्यातली बाटली सिस्टरच्या हातात काचेसारखी स्वच्छ होती. डब्यात गारवा होता, सील शाबूत होतं. मग फेस आला कुठून? डबा उघडल्यापासून सुई टोचेपर्यंत बाटली या खोलीत असते. तेवढाच वेळ उरतो."

"तुम्हाला काय म्हणायचंय? मी—"

"मला काहीच म्हणायचं नाही. मला बघायचंय." तक्रारबाईंनी पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "तेच औषध. मुदत संपली म्हणून सिस्टरने टाकायला काढलेलं. कुणाला टोचायचं नाही. फक्त रोज करता तसं करा."

दादा रागाने उठले. हात धुतले, कोपरापर्यंत. टेबल पुसलं. बाटली उजेडात धरली. औषध स्वच्छ होतं. सगळ्यांनी पाहिलं.

मग दादांनी बाटली मुठीत घेतली, डावं मनगट डोळ्यांसमोर आणलं आणि सेकंदाच्या काट्यावर नजर ठेवून उजवा हात जोरात हलवायला सुरुवात केली. वर, खाली, वर, खाली. कमरेच्या किल्ल्या खुळखुळू लागल्या. स्वयंपाकघराचं दार उघडून बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दहा सेकंद. तीस. दादांच्या कपाळावर घाम आला, पण हाताची लय चुकली नाही. जन्मभर दवाखान्याच्या खिडकीत रोज शंभर बाटल्या याच हाताने हलवल्या होत्या. तळाशी बसलेली पूड वर यावी, पहिल्या घोटात पाणी आणि शेवटच्या घोटात विष जाऊ नये, म्हणून. पुरतं एक मिनिट.

दादांनी बाटली टेबलावर ठेवली. ती अर्धी पांढरी झाली होती.

"बघा!" ते विजयाने म्हणाले. "सांगत होतो ना, निकृष्ट!"



"दादा," तक्रारबाई म्हणाल्या, "अकरा पायऱ्या सांगितल्यात. ही बारावी."

"ही कसली पायरी? हे तर..." दादा शब्द शोधू लागले. श्वास घेणं हे काम आहे का, असं कुणी विचारल्यावर माणूस जसा गोंधळेल, तसे ते गोंधळले. "औषध हलवूनच द्यायचं असतं."

"बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"लेबलं मी लिहीत आलोय, बाई. वाचण्याचं काम पेशंटचं."

तक्रारबाईंनी चष्मा चढवला आणि बाटलीचं लेबल उजेडाकडे वळवलं. मुंगीच्या अक्षरात चार ओळी होत्या. त्यांनी तिसरी वाचली.

"'बाटली हलवू नये.'"

मग त्यांनी डॉक्टरला फोन लावून मोठ्याने बोलायला सांगितलं. डॉक्टरने एका दमात सांगितलं : हे औषध म्हणजे पूड नव्हे, प्रथिन आहे. नाजूक घडी घातलेलं असतं. जोरात घुसळलं की घडी मोडते. अंड्याचा पांढरा बलक फेटल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होतो का? तसंच. मोडलेलं औषध अंगात जातं, पण हाडांतल्या पेशींना ते ओळखूच येत नाही.

"म्हणजे चार दिवस..." दादा म्हणाले.

ते खुर्चीत बसले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले, दुसऱ्याचे असावेत तसे.

"म्हणजे पाय मी घालवला. आणि चोर म्हटलं त्या मेहुण्याला."

घड्याळात सव्वा एक झाला होता.

"घालवला की नाही ते चार वाजता ठरेल," तक्रारबाई म्हणाल्या. "सर्जनना कारण हवंय. मी सांगू, की तुम्ही सांगता?"

६

दादांनीच सांगितलं. सर्जनच्या खोलीत, उभ्याने, तिथे डॉक्टर, सिस्टर, पोस्टमनची बायको आणि मेहुणा असताना. एकही शब्द सौम्य न करता, तक्रार लिहिली होती तितक्याच ताठ भाषेत. फक्त या वेळी कलम एकच होतं.

सर्जन कमी बोलणारा माणूस होता. त्याने बाटलीतला फेस पाहिला, आकड्यांचा कागद पाहिला, मग दादांच्या हातातला संमतीचा कागद मागितला. दादांनी तो दिला. सर्जनने तो खणात टाकला.

"पाच दिवस. इंजेक्शनं इथेच, सिस्टरच्या हातून. आकडा चढला नाही, तर पुन्हा वाद नको."

बाहेर पडल्यावर दादा मेहुण्यासमोर उभे राहिले. 

"मी काल सगळ्यांदेखत बोललो. आताही सगळ्यांदेखतच—"

"राहू द्या हो दादा, लोक बघतायत."

"बघू देत. चुकलो मी."

  बहिणीने पुढे होऊन मेहुण्याचा दंड घट्ट धरला. ती या वेळीही काही बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा आठ होता. तिसऱ्या दिवशी चौदा. चौथ्या दिवशी सतराच, आणि त्या दिवशी कुणीच जेवलं नाही. सिस्टर सुई भरायची तेव्हा दादा भिंतीला टेकून उभे राहत, दोन्ही हात पाठीमागे बांधून. सहाव्या सकाळी डॉक्टर जिन्यावरून पळत तळमजल्यावर आली आणि तिने तक्रारबाईंच्या दारात उभं राहून नुसतं एकतीस असं म्हटलं.

पण आकडा म्हणजे पाय नव्हे. पेशी निघाल्या, एवढंच त्यातून कळत होतं. पोचल्या का, ते जखमच सांगणार होती. सर्जन रोज पट्टी उघडून पाही, काही न बोलता निघून जाई. दोन आठवडे गेले. तिसरा सुरू झाला.

त्या सोमवारी पट्टी बदलणारा माणूस रजेवर होता. सिस्टरने आजूबाजूला पाहिलं आणि ट्रे दादांपुढे धरला.

"मी नको," दादा म्हणाले.

"दादा," खाटेवरून पोस्टमन म्हणाला, "आठ महिने केलीस. आता काय झालं? कर."

तक्रारबाई दारात होत्या. त्यांचं तिथे काही काम नव्हतं, त्या तशाच आल्या होत्या. दादांनी हात धुतले, कोपरापर्यंत. कात्री घेतली. पट्टीचा एक एक थर असा उचलला की खालच्या थराला पत्ता लागू नये. शेवटची जाळी ओली करून सोडवली आणि ते खाली वाकले. वाकलेलेच राहिले.

"काय झालं?" पोस्टमनची बायको दाराआडून ओरडली. "दादा, काय झालं?"

मेहुणा पुढे आला. पोस्टमनने डोळे मिटून घेतले.

दादांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली. हजारो जखमा पाहिलेला माणूस होता तो. कुठली सडते, कुठली थांबते आणि कुठली आतून जीव धरते, हे त्याला कुठल्याही यंत्राआधी कळत असे. राखाडी मांसाच्या कडेला, नखाच्या टोकाएवढ्या जागेत, नव्या मांसाचे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे बारीक, ओले, लाल ठिपके उगवले होते.

"कडेला लाली आलीय," ते म्हणाले.

"म्हणजे चांगलं की वाईट?" मेहुण्याने विचारलं. "दादा, आम्हाला कळेल असं सांगा की."

दादांना सांगायचं होतं.  शेवटी त्यांनी धाकट्या भावाचं गार पाऊल दोन्ही तळव्यांत अलगद, अजिबात न हलवता धरलं आणि तसेच बसून राहिले.